चार साक्षीदार आणि एक लाल पेन्सिल

त्या दिवशी ऊन असं होतं, की निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीच्या भिंतीला हात लावला तर चटका बसावा. वारा अगदी बंद. उल्हासनगरच्या क्लेमच्या कचेरीबाहेर माणसं कडुनिंबाच्या सावलीबरोबर सरकत होती. सावली हातभर हलली, की सगळी रांग हातभर हलायची.

तो दिवस शेवटी सांगतो. मी सुतार माणूस. किस्से म्हणजे लाकडाचा भुसा. रोज झाडा, संध्याकाळी पुन्हा ढीग. त्यात अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात तर दुपारच्या सुट्टीत चौघं चिंचेखाली बसलो, की भुसा पडल्याशिवाय उठायचोच नाही!

चौघं म्हणजे कोण? मी, खोकी ठोकणारा नामदेव. नगरकडचा ख्रिस्ती फिटर दानिएल. टाइमकीपर बापट, मॅट्रिक पास, माझ्या चाळीत शेजारच्याच खोलीत राहायचे. आणि गेटवर पापड विकणारा टहिलराम, सिंधमधून सगळं सोडून आलेला.

दानिएल भाकरी खाल्ली की फडक्यातून बायबल काढायचा आणि एक पान वाचायचा. मी शाळा बाहेरूनच बघितलेली. मला अक्षरं त्यानंच शिकवली, त्याच पुस्तकावर बोट ठेवून.

*

पहिली ठिणगी बापटांनी टाकली. म्हणाले, "दानिएल, हे सगळं घडलं, याला पुरावा काय?"

दानिएल म्हणाला, "बापटसाहेब, तुमचा जन्म झाला, याला पुरावा काय?"

"दाखला आहे माझ्याकडे!"

"त्यावर तारीख कुणी घातली?"

"कारकुनानं. वडिलांनी सांगितली, त्यानं घातली."

"म्हणजे कारकून तिथं नव्हता!"

टहिलराम इतका हसला, की त्याच्या टोपलीतले दोन पापड मोडले. बापट त्या दिवशी भोंगा व्हायच्या आधीच उठून गेले.

*

पुढच्या शनिवारी बापटांनी पुस्तक मागून नेलं. "वाचतो आणि मग बोलतो," म्हणाले. मला बरं वाटलं. न वाचता बोलणाऱ्यापेक्षा हा माणूस बरा.

सोमवारी पुस्तक परत आलं. उघडून बघतो तर काय? ज्या लाल पेन्सिलीनं बापट आमच्या हजेरीवर लेटमार्क मारायचे, त्याच पेन्सिलीनं पानापानावर फुल्या!

"ही बघा," बापट म्हणाले, "येशूच्या रिकाम्या थडग्यापाशी एकाच्या मते एक तरुण, दुसऱ्याच्या मते दोन पुरुष. कुणी बायका तीन सांगतो, कुणी एकच. लिहिणारे चौघं, म्हणजे चार साक्षीदार आणि चार तऱ्हा! कोर्टात उभंसुद्धा करणार नाहीत!"

मला सहसा राग येत नाही. खिळा वाकडा गेला तरी मी तो सावकाश उपटतो, सरळ करतो, पुन्हा ठोकतो. पण त्या दिवशी माझे कान तापले. वाद घाला, हवा तेवढा घाला. पण दुसऱ्याच्या पुस्तकावर? ज्या पानावर मी 'क' गिरवला, त्या पानावर?

दानिएल फुल्या भाकरीच्या तुकड्यानं पुसायला लागला. लाल जाईना, गुलाबी झालं.

मीच म्हणालो, "बापटसाहेब, हे चौघं मरून किती वर्षं झाली! त्यांना आता कशाला लेटमार्क?"

*

आता फक्त बापटांनाच दोष दिला तर ते खरं होणार नाही. एकदा दानिएलच्या चर्चमधले एक उपदेशक त्याला भेटायला आले. काळा कोट, कडक इस्त्री. "पुस्तकातला शब्द न् शब्द घडलेला आहे," म्हणाले. "एक शब्द ढिला धरलात, तर सगळं गेलं!" मग त्यांनी नोहाच्या तारवाचं, म्हणजे प्रलयात सगळी जनावरं वाचवलेल्या जहाजाचं, वाचून दाखवलं. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीन मजली.

मी मनापासून ऐकत होतो. मी विचारलं, "महाराज, लाकूड कापल्यावर वाळवलं किती पावसाळे? ओलं लावलं असेल तर फळ्या पिळणार. मग त्यात एवढी जनावरं..."

"शंका घेतोस?" उपदेशक एकदम उभेच राहिले. "म्हणून तुमच्यासारख्यांचं काही होत नाही!"

अहो, मी शंका कुठं घेतली? लाकडाची चौकशी केली! सुतारानं दुसरं काय विचारायचं?

ते गेल्यावर दानिएल हळूच म्हणाला, "नामदेवा, मलाही ते कधीपासून विचारायचं होतं."

*

मग साप निघाला. आमच्या खोक्यांच्या शेडमध्ये, भर दुपारी. पळापळ झाली आणि खोक्यांची थप्पी कोसळली. फोरमननं चौकशी लावली आणि तिथं असलेल्या चौघांच्या जबान्या लिहून घेतल्या.

मी सांगितलं, पाच हात, पिवळा. दानिएल म्हणाला, तीन हात, काळा. शेडचा रखवालदार म्हणाला, फणा होता. आणि बापट, जे सगळा वेळ टेबलावर चढून उभे होते, ते म्हणाले, "दोन होते!"

फोरमननं कपाळावर हात मारला. "अरे, साप था के नहीं?"

आम्ही चौघं एका आवाजात ओरडलो, "था!"

दुपारी दानिएल म्हणाला, "बापटसाहेब, चौघं चार तऱ्हांनी बोललो, म्हणून साप नव्हता का? उलट घोकून आलो असतो तर एकसारखं बोललो असतो."

बापट असे सोडतात होय! "साप होता, हे कबूल," म्हणाले. "पण मेलेला साप तिसऱ्या दिवशी उठला, असं चौघांनी सांगितलं तर? मानशील?"

दानिएलनं पुस्तक फडक्यात गुंडाळलं. "तिथं माझा पुरावा संपतो. तिथून पुढं मी विश्वासानं चालतो."

"मग हे आधीच सांगायचं होतंस!"

"आधी तुम्ही विचारलं कुठं? आधी तुम्ही लाल केलं."

*

एक गोष्ट मला तेव्हा दिसली होती. टहिलराम रोज आपल्या सिंधमधल्या घराचं सांगायचा. दरवाजा असा, गच्ची अशी, "और साईं, कुएँ का पानी ऐसा मीठा!" बापटांनी त्याला कधी पुरावा मागितला नाही. ऐकत बसायचे.

पुरावा मागितला तो क्लेमच्या साहेबानं. तिकडे सोडलेल्या घराच्या बदल्यात इकडे काही मिळायचं, तर ते घर होतं हे दाखवायला हवं. कागद तिकडेच राहिले. मग टहिलरामनं आपल्या गावचे चार म्हातारे कॅम्पातून शोधून उभे केले.

एक म्हणाला दरवाजा हिरवा. एक म्हणाला निळा. एकानं दोन मजले सांगितले, एकानं एक मजला आणि वर खोली. साहेबानं फाईल मिटली. "चारों अलग बोलते हैं. झूठ है!"

झूठ! ज्यानं चौकटीसकट घर मागं सोडलं, त्याला हे ऐकायचं!

टहिलराम चिंचेखाली येऊन बसला. बापट तावातावानं म्हणाले, "साक्षी जुळायला हव्यात. माझ्यावर सोपवा." दानिएल म्हणाला, "नका, बापटसाहेब." पण ऐकतात कुठले! कारखाना सुटल्यावर आठ दिवस बराकीत जाऊन त्यांनी म्हाताऱ्यांकडून घोकून घेतलं. दरवाजा हिरवा, मजले दोन, खिडक्या सहा. पाढ्यासारखं.

सुनावणीच्या दुसऱ्या तारखेला चौघं पाढा म्हणाले. साहेब खुर्चीत मागं रेलला. "सबको एक ही मास्टर ने पढ़ाया क्या?" आणि त्यानं शेवटची तारीख दिली. त्यानंतर फाईल बंद.

वेगळं बोललं तरी खोटं, एकसारखं बोललं तरी खोटं! मग गरिबानं बोलायचं तरी कसं?

टहिलरामनं पापड विकणं सोडलं. मला म्हणाला, "साईं, अब तो मुझे भी लगता है, घर था कि नहीं."

*

तर तो उन्हाचा दिवस. दानिएलची कारखान्यात पाळी होती, म्हणून टहिलरामबरोबर मी आणि बापट गेलो. पुकारा झाला. टहिलराम जागचा उठेचना. तेवढ्यात बापट पुढं झाले.

"आप कौन? आपने घर देखा है?"

"नहीं देखा. वो पढ़ानेवाला मास्टर मैं है, साहेब. गलती मेरी." मग घाम पुसून म्हणाले, "साहेब, हमारे शेड में एक बार साप निकला था."

"साप?"

"हां साहेब. चार लोगों ने चार तरह का बोला. मैंने तो दो बोला. लेकिन साप था!" बापटांनी फाईलीकडे बोट केलं. "आप पहली तारीख का कागज देखिए. कोई हरा बोला, कोई नीला बोला. मगर दरवाजा तो चारों ने बोला ना? वो लोग तब सच बोल रहे थे."

साहेब पुढं वाकला. मग फाईल मागं मागं उलटत गेला. पहिल्या कागदांवर बोट फिरवत म्हणाला, "कुएँ का पानी मीठा... ये तो चारों ने लिखवाया है." दुसऱ्या तारखेचे कागद त्यानं बाजूला काढले आणि पहिल्यांवर मंजुरीची सही केली.

टहिलराम तिथंच जमिनीवर बसला.

अंबरनाथपर्यंत आम्ही दोघं चालत आलो. चाळीत आल्यावर बापटांनी कुलूप काढलं, दार उघडलं, आत गेले आणि पुन्हा बाहेर आले. इकडंतिकडं बघून म्हणाले,

"नामदेव, दानिएलला ते सापाचं काही बोलू नकोस हं!"