परमा

"किती जणांकडे जातेस?"

बोईसरच्या दवाखान्यात डॉक्टरने मला हे विचारलं. मोठ्याने. बाहेर बाकावर बायका बसल्या होत्या, त्यांनाही ऐकू गेलं. नवरा माझ्या शेजारीच उभा. तो खाली बघत राहिला.

मी एडवणची, कोळ्याची पोर. लग्न होऊन कुंभवलीला आले. नवरा तारापूरच्या कारखान्यात कामाला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ओटीपोटात कळा यायला लागल्या. अंगावरून पिवळं जायचं. ताप यायचा.

"घाणेरडा रोग आहे," डॉक्टर म्हणाला. "तुमच्या लोकांना लाज नसतेच."

मी नवऱ्याशिवाय कुणाला शिवले नव्हते. मान खाली घालून बाहेर आले. तिथे कंपाउंडर नवऱ्याला हळूच म्हणाला, "तुमची जळजळ थांबली ना?"

नवऱ्याने मला दंडाला धरून रस्त्यावर ओढलं. मी विचारलं, "कसली जळजळ?"

"उष्णता झालेली. चल गप."

म्हणजे हा आधी येऊन सुया टोचून घेऊन गेला होता. डॉक्टरला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने मला तसं विचारलं. त्या दिवसापासून मी कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवला नाही. नवऱ्याचं हसणं, माझ्या गोळ्या त्याने अर्ध्यावर थांबवणं, "बरी झालीस आता" म्हणणं, सगळ्याचा संशय यायचा.

मूल होईना. सासू मला वांझ म्हणू लागली. शेवटी मी एकटीच पालघरला एका डॉक्टरीणबाईकडे गेले. तपासण्या झाल्यावर ती म्हणाली, "गर्भाच्या दोन्ही नळ्या बंद झाल्यात. नवऱ्याला परमा होता, बाहेरख्यालीचा गुप्तरोग, तो तुला लागला. दोघांनी बरोबर औषध घ्यायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही?"

मला तिचंही खरं वाटेना. डॉक्टरच ती. पण घरी येऊन नवऱ्याला विचारलं, तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं. तेवढं मला पुरलं.

सासूने नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नासाठी पालघरजवळच्या माहीमची मुलगी बघितली. दुसरेपणावर द्यायला तिची आई तयार होती. मी माहीमला गेले. मुलीची आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. मी तिला सगळं सांगितलं.

"तू जळतंस म्हनून बोलतंस," ती म्हणाली.

"जळतंय तर हाय. पन खोटा नाय सांगत. आदी त्याला डाक्टरकडं ने, तपासून घे. मंग दे पोरीला."

सासूकडे तिने तशी अट घातली. नवरा गेला नाही. ठरत आलेलं ते लग्न मोडलं. त्याने मला मारून घराबाहेर काढलं. मी परत गेले नाही.

आता बोईसरच्या बाजारात मासळी विकते. एखादी नवी सून पोट धरून बसलेली दिसली की तिला बाजूला घेते, विचारते. दवाखान्यात तिच्याबरोबर जाते, तिच्या नवऱ्यालाही यायला लावते. डॉक्टर म्हणतो, "तू कोण हिची?" तिचा नवरा तपासून घ्यायला आत जाईपर्यंत मी दारातून हलत नाही.