जुलै महिना आणि रिटर्न भरणारी घरं

मंचरला स्टँडच्या मागं माझं छोटं ऑफिस आहे. आंबेगाव आणि जुन्नरमधल्या बऱ्याच घरांचे इन्कम टॅक्स रिटर्न मी भरून देते. ही मंडळी वर्षभर फिरकत नाहीत आणि जुलैत सगळी एकदम येतात. पिशवीतून कागद शोधता शोधता घरातलं काय काय बोलून जातात, आणि ते माझ्याकडे साठत राहतं. नावं सांगणार नाही. पण काही गोष्टी मनातच ठेवायच्या म्हणजे अवघड आहे.

निरगुडसरचे एक रिटायर गुरुजी आहेत. त्यांच्या आधारला बायकोचा मोबाईल नंबर जोडलेला, कारण स्वतः ते मोबाईल वापरत नाहीत. रिटर्न भरून झालं आणि ओटीपी गेला बाईंच्या फोनवर. बाई त्या दिवशी ओझरला गणपतीच्या दर्शनाला गेलेल्या. गुरुजींनी माझ्या फोनवरून त्यांना लावला. नंबर अनोळखी, आणि बँकेच्या साहेबांनी बजावलेलं की ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. गुरुजी परोपरीनं सांगत होते की मीच बोलतोय.

बाई म्हणाल्या, "आवाज काय, कुणी बी काढतंय. सांगा, आज डब्यात काय दिलंय?"

गुरुजींनी बराच विचार केला आणि मेथी म्हणाले. बाईंनी फोन ठेवून दिला. डबा टेबलावरच होता. उघडला, तर शेपू. ते रिटर्न दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या तेव्हा पुरं झालं.

एक म्हातारबाबा आहेत, अजून मेंढरं राखतात. नातवाला पिकअप गाडी घ्यायची होती. कर्जाला बाबा जामीन, म्हणून बँकेनं त्यांचं रिटर्न मागितलं. मेंढरांचं उत्पन्न लिहिलं, टॅक्स काही बसला नाही. बाबा नाराज झाले. एवढ्या लांबून आलो आणि सरकारला माझं काहीच नको, असं त्यांचं म्हणणं. मी पावतीची प्रिंट काढून दिली. ती त्यांनी लॅमिनेट करून घेतली.

पुढच्या वर्षी कर्जाचं काम नव्हतं, तरी बाबा हजर. मी म्हटलं, आता भरायची गरज नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं की मेंढरं घेऊन परक्या शिवारात गेलं की कुणीतरी आडवं येतंच. मग ते खांद्यावरच्या पिशवीतून हा कागद काढतात आणि नुसता समोर धरतात.

"वर इन्कम टॅक्स लिवलंय ना, मानसं लगीच चहा इचारत्यात. पर जुना कागद बरा दिसत न्हाई, ताई. या सालचा द्या."

नारायणगावजवळ गॅरेज चालवणारा एक मुलगा माझं गिऱ्हाईक. दरवर्षी शेवटच्या दिवशी, इन्कम टॅक्सची साइट अडकली की धापा टाकत येणारा. त्याचं लग्न जमत आलं, तेव्हा मुलीकडच्यांनी तीन वर्षांचे रिटर्न पाहायला मागितले. हल्ली मागतात. मुलगी नर्स. ती वडिलांबरोबर कागद घेऊन माझ्याकडेच आली, हे खरे आहेत का विचारायला. मी म्हटलं, पावती खरी आहे, बाकी मी काही सांगणार नाही. वडील उत्पन्नाचा रकाना बघत बसले. मुलीनं तिन्ही पावत्यांवरच्या तारखा पाहिल्या.

"तिन्ही वेळा शेवटचाच दिवस," ती वडिलांना म्हणाली. "माणूस खोटा नाही दिसत. पण याला कुणीतरी हलवायला पाहिजे."

लग्न झालं. त्या मुलाचं रिटर्न आता जूनमध्येच येतं.

हे काम मला ज्यांनी शिकवलं ते कांतीकाका. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले. बाजारपेठेत काकांचं कापडाचं दुकान आहे, आणि कापड मोजता मोजता ते लोकांचे रिटर्न भरायचे. शेवटच्या दिवशी कुणालाही परत पाठवायचे नाहीत. एका वर्षी सगळ्यांचं वेळेत झालं आणि स्वतःचंच राहून गेलं. लेट फी बसली. काकूंनी त्या चलनाची फ्रेम करून गल्ल्यामागे लावली. गिऱ्हाईक विचारायचं, काका, हे कसलं सर्टिफिकेट? काकूच आतून सांगायच्या, "समाजसेवेचं."

आता लोणीचे वायरमन. रिटायर झालेत, पेन्शन आहे. दरवर्षी येणार आणि बाकावर बसलेल्यांना ऐकवणार की आमच्या घरात टॅक्स भरणारा मी एकटाच हाय. मी मान खाली घालून टाइप करत राहायची. कारण त्यांची बायकोही माझ्याकडेच यायची, दरवर्षी, वेगळ्या दिवशी. त्या शाळेचे युनिफॉर्म शिवतात. घरी सगळे त्याला हातखर्च म्हणायचे. पण बाईंनी वर्षानुवर्षं एफडी केल्या होत्या आणि टॅक्सही वेळेवर भरत होत्या. मला त्यांनी एकच सांगितलं होतं, घरी फोन करायचा नाही.

यंदा साइट दोन दिवस बंद पडली. मी राहिलेल्या सगळ्यांना एकच मेसेज केला, सोमवारी अकराला या. चूक माझीच. वायरमन खुर्चीत बसलेले, त्यांची फाईल उघडलेली, आणि दारात बाई, हातात बँकेचे कागद.

ते म्हणाले, "तू हितं काय करती?"

"रिटर्न भराया आले," बाई म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा.

त्यांनी कागद मागितले. बाईंनी दिले. चष्मा लावून त्यांनी पान न् पान वाचलं. शेवटी त्यांनी विचारलं, "मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर यातलं काय ऱ्हायलं असतं का?"

वायरमननी कागद नीट जुळवून बाईंच्या हातात दिले. मग उठले, खुर्ची बाईंकडे सरकवली आणि मला म्हणाले, "ताई, आदी यांचं घ्या. मी थांबतो भाएर."