श्रावणभाऊंची शेवटची दाढी

भिलाईत रिसालीच्या आताच्या घरात पेटी उपसताना माझ्या मालकांचा चामड्याचा पट्टा हाती लागला, वस्तऱ्याला धार लावायचा. जुन्या गोडेतेलाचा वास आला आणि इथला पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची, आमच्या पत्र्याच्या खोलीतली एक सकाळ समोर आली.

गावात न्हावी आमच्या लोकांच्या तोंडाला हात लावत नसे, म्हणून आमची माणसं एकमेकांची दाढी करत. भिलाईतही हे दर रविवारी शेजारच्या श्रावणभाऊंची दाढी करायचे आणि मग आरसा धरायचे. श्रावणभाऊ गालावरून हात फिरवून मान हलवत, तेव्हाच आरसा खाली जाई.

त्या सकाळच्या आदल्या दिवशी श्रावणभाऊ भट्टीच्या बांधकामावरून पडले आणि जागीच गेले. तोंडाला मात्र खरचटलंही नव्हतं. गावाहून त्यांची बायको यायची होती, तोवर त्यांना आमच्याच खोलीत आणून ठेवलं होतं. तिला वाढलेले खुंट दिसू नयेत म्हणून हे दगडावर पाणी टाकून वस्तरा घासत बसले. मग पट्ट्यावर, मग पुन्हा दगडावर. त्या आवाजानं मला चीड आली.

"मेलेल्या मानसाले कावून एवढी धार लावून राहिले जी?"

"जित्याले वस्तऱ्यानं ओढलं तर थो वरडते. श्रावन आता काई सांगनार नाही."

तेव्हा मला ते वेड वाटलं. पुढे हे दवाखान्यातच वारले, तेव्हा कुणीतरी यांचे गाल कोरड्या ब्लेडनं खरवडून दिले. त्या दिवशी मला तो दगड आठवला.

त्या सकाळी दाढी झाली. यांनी श्रावणभाऊंचे गाल पुसले आणि सवयीनं आरसा त्यांच्यापुढे धरला. धरूनच बसले. शेवटी मीच तो यांच्या हातून काढून घेतला.