खालच्या जबड्यातले सुळे

गणपतीच्या मूर्ती करण्यात माझं आयुष्य गेलं. हत्तीचे सुळे कुठून निघतात हे मला लोकांनी शिकवावं, याचा राग अजून जात नाही.

पूर्णगडच्या रस्त्याला एकाने पर्यटकांसाठी बाग केली आहे. दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, तो माझ्या कारखान्यात आला.

"काका, डायनासोर सगळीकडे झाले. मला कुठेच नसलेला प्राणी हवा."

मोबाइलवर त्याने डायनोथेरियम दाखवला. लाखो वर्षांपूर्वी नाहीसा झालेला, आजच्या हत्तीहून थोराड. गुजरातेतही त्याची हाडं सापडली आहेत. याला वरच्या जबड्यात सुळे नाहीतच. खालच्या जबड्यातून दोन सुळे निघून हनुवटीखाली आकडीसारखे मागे वळलेले. झाडाच्या साली सोलायला असावेत म्हणतात, नक्की कुणालाच ठाऊक नाही.

दोन महिने भर उन्हात कातळावर उभा राहून मी सळ्या वळवल्या, जाळी बांधली, सिमेंट थापलं. सोंड आणि सुळे यांचा मेळ बसेना म्हणून जबडा तीनदा फोडला. शेवटी जमला. बायको बघायला आली. बराच वेळ न्याहाळून म्हणाली, "विचित्र आहे, पण खरा वाटतो."

मग लोक यायला लागले. माझ्याकडून दरवर्षी गणपती नेणाऱ्या एका गृहस्थांनी तर बाजारात गाठून विचारलं, "काय हो, सुळे उलटे लावलेत? डोळे तपासून घ्या." शेजारी एवढा मोठा माहितीचा फलक होता. तो कुणी वाचला नाही. मी किती जणांना समजावणार?

एके दिवशी मालकाचा फोन आला. "काका, लोक हसतात. सुळे वर घ्या."

"मग तो साधा हत्ती होईल."

"होऊ दे की."

मी साफ नाही म्हटलं. मे महिन्यात सहज गेलो, तर त्याने मिरजोळ्याहून वेल्डर आणून सुळे कापून वर जोडून घेतले होते. हनुवटीवर सिमेंटचा नुसता लपका. फलकावर मात्र खालच्या जबड्याचीच माहिती, आणि तळाला माझं नाव.

"निदान माझं नाव तरी पुसा," मी म्हटलं.

"असू दे हो काका, जाहिरात होते तुमची. आणि पुढच्या वर्षी एक गेंडा करायचाय, जुन्या काळातला, केसाळ."

त्याच्या तोंडावर नकार द्यायचा होता. तोंडातून निघालं, "बघू." घरी पोचेपर्यंत मी स्वतःवरच चिडत होतो.