लागतंय ना, आई?

मोहिनीला फ्रिज उघडल्याशिवाय चैन पडत नसे. दूध ओट्यावर राहिलं तरी चालेल, पण भाजीच्या कप्प्यामागची काळी बाटली ती सारखी काढी आणि बशीत थेंब टाकून रंग पाही. कालचा बदामी अर्क आज तपकिरी दिसला की तिचं जेवणावरून मन उडे.

लग्नाआधी ती एका लॅबमध्ये होती. द्राक्षाच्या बियांचा अर्क काचेच्या नळीत टाकला की जांभळं रसायन बघता बघता पिवळं पडे. अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, ते डोळ्यांना दिसे. सासूबाई, लताबाई, कळवणहून इंदिरानगरच्या फ्लॅटवर राहायला आल्या त्या हातांवर इसब घेऊनच. डॉक्टरांच्या मलमाने तो निवे, मलम सोडलं की पुन्हा उठे. मोहिनीच्या डोळ्यांपुढे ती नळी आली.

लताबाईंचे मांडे सगळ्या भाऊबंदांत नावाजलेले. पुरणाची पोळी पोळपाटावर नाही, दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायची आणि अलगद खापरावर टाकायची. गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या जेवणाला, लेकीच्या, तृप्तीच्या, सासूने तो मांडा ताटात बाजूला सारला. "हाताला काय झालंय हो यांच्या?" त्यानंतर लताबाईंनी कणकेला हात लावला नव्हता. यंदा मात्र तृप्ती सासूला घेऊन मनमाडहून येणार होती आणि लताबाईंना मांडे करायचेच होते.

मोहिनीने त्याच अर्काचं मलम केलं, पण ते जमेना. दिंडोरीच्या द्राक्षबियांचा अर्क कडक, दुसऱ्या बागेतल्यांचा पाणचट. मलम तुपासारखं कातडीवर बसून राही, आत जाईना. म्हणून तिने त्यात अल्कोहोल घातलं. स्वतःच्या मनगटावर लावून पाहिलं, नुसता गारवा.

रोज संध्याकाळी ती विचारी, "लागतंय ना, आई?"

"लागतंय."

"छान!" म्हणत ती अर्क आणखी कडक करी.

"आता कसं?"

"आता तर लय लागतंय बाई."

तृप्ती फोनवर म्हणाली, "वहिनी, माझी आई आहे ती, उंदीर नाही हं तुझ्या लॅबमधला."

"येऊन बघा ना, ताई. त्याच म्हणतात गुण आहे."

आखाजी तोंडावर आली आणि एका सकाळी लताबाईंना चहाचा कप धरता येईना. बोटं सुजली होती, भेगांतून पाणी येत होतं. मोहिनीने रिक्षा बोलावली.

दवाखान्यात बाटलीचा वास घेऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उघड्या जखमेवर अल्कोहोल? आजी, तुम्हाला झोंबलं नाही?"

"झोंबलं ना. रोज सांगत होते हिला, लागतंय म्हणून."

मोहिनी खुर्चीतून अर्धी उठली. "आई, मला वाटलं लागू पडतंय!"

"आणि मला वाटलं लागायलाच पाहिजे. तू छान म्हणायचीस!"

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मग त्या गंभीर झाल्या. नळीतलं कातडीत उतरेलच असं नाही, आणि उतरलं तरी किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही, म्हणाल्या. हात कणकेत, पाण्यात घालायचे नाहीत.

घरी येताच मोहिनीने बाटली मोरीत रिकामी केली. ओटा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. लताबाई पट्टी बांधलेले हात मांडीवर ठेवून स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या.

"मोहिनी, हात पहिल्यासारखे होतील ना गं?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तिने अर्धा तास समजावून सांगितलं असतं.

"माहीत नाही, आई."

"एवढी शिकलीस आणि माहीत नाय?"

"नाही."

लताबाई म्हणाल्या, "बरं. तृप्तीला फोन लाव. म्हणावं, यंदा मांडे नाहीत. सासूबाईंना श्रीखंड चालतं का विचार."

मोहिनीने ओल्या हातानेच फोन उचलला.