पंचांगात नसलेला उपास

मैत्रिणींनो, महिनाभरापासून आमची बारावीतली स्वाती ताट परत करत होती. "आई, उपास आहे." पोरगी देवाला लागली म्हणून मी खूष. पण साबुदाणाही नको म्हणे, तेव्हा शंका आली.

आज सकाळी आरतीतच ती चक्कर येऊन पडली. पंचांग पाहिलं, तर ना चतुर्थी, ना एकादशी.

"कोणत्या देवाचा उपास करून राहिली तू?"

रडत म्हणाली, "मोबाईलवर व्हिडिओ टाकते त्या ताईनं सांगितला. दिवसभरात पाण्यात पावडर घालून दोन गिलास, बस. बारीक होण्यासाठी."

दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, इतक्या कमी खाण्यानं हृदयालाही धोका होऊ शकतो.

आत्ता ती माझ्यासमोर वरण-भात जेवली. तरी मला अजून भरोसा नाही.

तुमच्या घरी कोणी एकाएकी देवभोळं झालं असेल, तर आधी पंचांग पाहा.