तीन ग्रॅम आणि दोन काड्या

माझे सासरे तराजू दुरुस्त करतात. सोनाराचा नाजूक काटा असो, दवाखान्यातलं बाळांचं वजन करायचं यंत्र असो की गोदामातला पोती चढवायचा काटा असो, बाबांचा हात लागला की तो खरं बोलायला लागतो. स्वतः बाबा मात्र फारसं बोलत नाहीत. दिवसाकाठी पंचवीस-तीस वाक्यं, त्यातली निम्मी चहाबद्दल.

संध्याकाळी साडेपाचला ते हात धुतात, स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत लोखंडी खुर्चीवर बसतात आणि पाइप भरतात. दिवसाला एकच. डॉक्टरांनीसुद्धा नाक मुरडत एकावर तडजोड केली आहे. चिमटीने तंबाखू सोडायची, अंगठ्याने दाबायची, पुन्हा सोडायची, न पेटवताच ओढून बघायचं, आणि मनासारखं झालं नाही तर सगळं उपसून पहिल्यापासून. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, हा माणूस पाइप ओढणार तरी कधी! मग कळलं की निम्मी मजा भरण्यातच आहे. पेटला की पुढे पाऊण तास बाबा या जगात नसतात. चेहऱ्यावर असं समाधान असतं की बघणाऱ्याला हेवा वाटावा.

आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाटत नाही. “मुलगा निर्व्यसनी आहे, असं सांगितलं होतं आम्हाला,” त्या आल्यागेल्याला ऐकवतात. “नीट विचारून घ्यायला हवं होतं.” फडताळ पुसायचं असलं की त्या पाइप फडक्यात धरून, मेलेली पाल उचलावी तसा बाजूला ठेवतात.

आता माझं. मी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. काचेच्या नळ्या, चंबू, बशा, सगळ्याची धुलाई माझ्या देखरेखीखाली होते. मी पास केलेली नळी उजेडात धरून बघायची गरज नाही, असं आमचे साहेब म्हणतात, आणि मला त्याचा अंमळ जास्तच अभिमान आहे. डाग दिसला की माझं डोकं फिरतं. मग तो डाग कुणाचा, कशाचा, असले प्रश्न मला पडत नाहीत.

एका शुक्रवारी मला सुट्टी होती आणि घरात कोणी नव्हतं. फडताळावर बाबांचा पाइप दिसला. मी सहज आत डोकावले. अरे देवा! तंबाखू भरायच्या वाटीला आतून सगळीकडे कोळशासारखा काळा थर. इतका जाड की निम्मी वाटी त्यानेच खाल्लेली. बिचाऱ्या बाबांना कोणी एवढं साधं साफ करून देत नाही, या विचाराने मला भरूनच आलं. नळ्या धुवायचा बारीक ब्रश घरात होताच. गरम पाणी, साबण, थोडं सुरीच्या टोकाने खरवडणं. अर्ध्या तासात आतून कोवळं तांबूस लाकूड दिसायला लागलं. मी तो कोरडा करून धुतलेल्या रुमालावर मांडून ठेवला आणि कौतुकाची वाट बघत बसले.

साडेपाचला बाबांनी पाइप उचलला. आत बघितलं. वास घेतला. पुन्हा बघितलं, बराच वेळ. मग तो खाली ठेवला आणि नुसताच चहा प्यायले.

“काय झालं?” आईंनी विचारलं.

“थर गेला,” बाबा म्हणाले.

त्याचा अर्थ मला नवऱ्याने स्वयंपाकघरात सांगितला. पाइपमधला तो काळा थर म्हणजे घाण नव्हे. रोजच्या धुराने तो कणाकणाने चढतो, लाकूड जळू देत नाही, आच धरून ठेवतो, पाइप विझू देत नाही. “नऊ वर्षांचा थर होता,” नवरा म्हणाला. “कुणी केलं असेल गं हे? आणि तेही रविवारच्या तोंडावर!”

रविवारी पाइपवाल्यांची वर्षातली एकमेव स्पर्धा होती. प्रत्येकाला तीन ग्रॅम तंबाखू आणि सुरुवातीला पेटवण्यापुरत्या दोन काड्या. ज्याचा पाइप सगळ्यात जास्त वेळ पेटता राहील तो जिंकला. बाबांचे जिवलग मित्र, पुस्तकं बांधणारे बाइंडरकाका, सलग सात वर्षं जिंकत होते. गेल्या वर्षी बाबा फक्त चाळीस सेकंदांनी हरले होते, आणि यंदा आपलाच नंबर, असं त्यांनी चक्क बोलून दाखवलं होतं.

तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. पण मी भाजी चिरायला घेतली. तेवढ्यात आई म्हणाल्या, “भांडीवाल्या बाईचंच काम!” आणि मी, दुसऱ्याच्या डागावर तुटून पडणारी मी, गप्प बसले.

शनिवारी बाईची उलटतपासणी झाली. “त्या वस्तूला मी हात लावीन?” ती भडकली. “मला लांबून मळमळतं!” शेवटी आईंनी निकाल दिला की बाबांनी स्वतःच धुतला असणार, हल्ली त्यांच्या काही लक्षात राहत नाही. बाबांनी तोही आरोप मुकाट ऐकून घेतला. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी बाबा म्हणाले, “येतेस का? बाइंडरची बायको पाय मुरगळून बसलीय. घड्याळ बघायला नेमकं माणूस हवंय.”

नाही कोणत्या तोंडाने म्हणू?

बाइंडरकाकांच्या कारखान्यात कागदाचे गठ्ठे भिंतीला लावून मधे लांब टेबल टाकलं होतं. खिडक्या सताड उघड्या, तरी खळीचा वास होताच. नऊ स्पर्धक होते. बाबांनी आपला छोटा काटा काढून प्रत्येकाची तंबाखू मोजून दिली, स्वतःची सगळ्यात शेवटी. बाइंडरकाकांनी बाबांच्या पाइपमध्ये डोकावून बघितलं आणि किंचाळलेच.

“अरे, हा तर आतून कोरा! याच्यावर खेळणार तू? माझा दुसरा घे.”

“नको,” बाबा म्हणाले. “आहे तो आहे.”

मी घड्याळ लावलं. माझं काम सोपं होतं. कुणाचा धूर दिसेनासा झाला की “धूर दाखवा” म्हणायचं. तीन झुरक्यांत दिसला नाही तर वेळ पुकारून बाद करायचं. दातांचे डॉक्टर बाराव्या मिनिटाला गेले, कारण त्यांना गप्प राहवत नाही. मग एकेक करत चौघे उरले: बाबा, बाइंडरकाका, एक शिंपी आणि एक निवृत्त पोस्टमन. बाबा फार जपून ओढत होते. कोऱ्या लाकडाचा चटका बसायचा म्हणून दर मिनिटाला हात बदलत होते. ते बघताना मला रडू येत होतं.

सव्विसाव्या मिनिटाला बाबांचा धूर थांबला. मी शेजारीच असल्यामुळे ते फक्त मला दिसलं. मी गप्प राहिले असते तर निदान पोस्टमनच्या पुढे तरी गेले असते ते. एवढं तरी मी त्यांचं देणं लागतच होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

“बाबा, धूर दाखवा,” मी म्हणाले.

तीन झुरके. काही नाही.

“सव्वीस मिनिटं दहा सेकंद. बाद.” आणि मग मला थांबताच येईना. “आणि पाइप मी धुतला. बाईने नाही, बाबांनी नाही. मी. साबण लावून!”

“साबण?” बाइंडरकाका ओरडले. त्यांना जे हसू फुटलं ते पाइपातच फुटलं. निखारा उडून टेबलावर पडला आणि विझला. दोन्ही काड्या संपलेल्या. काका पाइपच्या रिकाम्या वाटीकडे बघतच राहिले. पोस्टमन हसता हसता विझला आणि शिंपी जिंकला. बिचाऱ्याला आजवर कधी पाचवा नंबरही मिळाला नव्हता.

घरी येताना बाबांच्या खांद्याला काट्याची पेटी होती.

“तुम्हाला माहीत होतं?” कोपऱ्यावर मी विचारलं.

“शुक्रवारीच. आपल्या घरात इतकं स्वच्छ दुसरं कोण धुतं?”

“मग बोलला का नाहीत?”

“तुझी वाट बघत होतो. उशीरच केलास तू. बाईला बोलणी खावी लागली.”

“रागावलात?”

“म्हणजे काय? नऊ वर्षांचा थर होता तो!” बाबा थांबले. “तो परत बसेपर्यंत रागावणार आहे मी. रोज साडेपाचला गॅलरीत यायचं आणि आत बघून सांगायचं, किती चढला ते. धुतलास तू, आता भरताना बघ.”

सोमवारी मी बाईची माफी मागितली. तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, तो रास्तच होता. आणि साडेपाचला गॅलरीत माझी हजेरी सुरू झाली. आधी अर्धीच वाटी भरायची, हळू ओढायचं. बाबा रीतसर रागवायचे, “बघ, अजून लाकूड दिसतंय!” मग पेटवायचे, आणि मग बोलायला लागायचे. कुठल्या काट्यात कुठली खोड असते, आईंना पहिल्यांदा भेटले तेव्हा तंबाखूचा डबा कुठे लपवला होता, हे सगळं. त्यांच्या पंचवीस वाक्यांचा हिशेब कधीच मागे पडला. धूर मला अजून आवडत नाही, मी वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसते. पण कामावरून निघायला उशीर झाला की माझा जीव खालीवर होतो.

परवा मी टॉर्च लावून आत बघितलं. चारी बाजूंनी एकसारखा, नखाएवढा जाड, काळाभोर थर.

“बाबा, बसला की! आता राग संपला ना तुमचा?”

बाबांनी टॉर्च घेतला, पाइप फिरवून फिरवून तपासला आणि मान हलवली.

“हा नऊ महिन्यांचा आहे,” ते म्हणाले. “तो नऊ वर्षांचा होता. बस.”

मी बसले.